शेण, लेंड्या, कोंबडखत आणि कृत्रिम ह्युमिक पदार्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृत्रिम ह्युमिक पदार्थ म्हणजे नेमकं काय?

शेण नीट कुजलं की काळं, भुसभुशीत होतं आणि त्याचा मूळचा वास जातो. तो काळेपणा येतो लिग्निन (काडीला कडकपणा देणारा चिवट पदार्थ), साखरा आणि प्रथिनं मोडून पुन्हा एकमेकांशी जोडली गेल्यामुळे. अल्कलीच्या पाण्यात त्यातला जो गडद भाग विरघळतो, त्याला आपण ह्युमिक पदार्थ म्हणतो. उकिरड्यात हे काम जिवाणू आणि बुरशी करतात आणि त्याला महिने लागतात. तशाच स्वरूपाचं रसायन बंद भांड्यात, दाबाखाली, गरम पाण्यात काही तासांत घडवलं की जे हाती येतं ते कृत्रिम ह्युमिक पदार्थ. कच्चा माल तोच राहतो, फक्त जिवाणूंच्या जागी उष्णता आणि अल्कली येतात.

त्यात तीन गट पडतात. अल्कलीत विरघळतं पण पीएच २ च्या खाली नेला की साका होऊन बसतं ते ह्युमिक ॲसिड. आम्ल असो वा अल्कली, दोन्हींत विरघळलेलंच राहतं ते फुलविक ॲसिड. कशातच विरघळत नाही ते ह्युमिन. म्हणजे ही नावं एखाद्या ठरावीक रेणूची नाहीत, विरघळण्याच्या वागणुकीची आहेत. एवढं डोक्यात पक्कं असलं की बाटल्यांवरचे बरेच दावे आपोआप उघडे पडतात.

दुकानात मिळणारं ह्युमिक ॲसिड हेच का?

बहुतेक वेळा नाही. बाजारातला बराच माल लिओनार्डाइटपासून, म्हणजे जमिनीलगत हवा लागून ऑक्सिडीकरण झालेल्या लिग्नाइट कोळशापासून काढलेला असतो. खाणीतला माल दळायचा, कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक तीव्र अल्कली) पाण्यात उकळायचा, गाळायचा, की झालं पोटॅशियम ह्युमेट. लाखो वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन उकरून शेतात टाकायचा आणि गोठ्यातला ताजा कार्बन खड्ड्यात सडू द्यायचा, हा उलटा व्यवहार आहे. शेणाकडे वळायचं मुख्य कारण मला तरी हेच वाटतं.

ही कल्पना अगदी नवी आहे का?

तुकडे जुने आहेत, जुळणी नवी. फ्रान्त्स आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८६ साली पीटमधून अल्कलीने काळा द्राव काढला आणि त्यात आम्ल घालून साका पाडला. आजही प्रयोगशाळेत मूळ कृती तीच आहे. १९१२ साली मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली की तपकिरी पदार्थ तयार होतात हे दाखवलं आणि मातीतल्या ह्युमसशी त्याचा संबंध जोडला. त्याच सुमारास जर्मनीत फ्रीडरिश बर्गियस वनस्पतींचा माल गरम पाण्यात दाबाखाली ठेवून कोळसा बनवत होता. या दोन्ही वाटा एकत्र आणून त्यात अल्कलीची भर घालणारं, आणि ‘कृत्रिम ह्युमिक ॲसिड’ हे नाव रूढ करणारं काम गेल्या काही वर्षांतलं. हार्बिनच्या नॉर्थईस्ट ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीतील फान यांग आणि जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेचे मार्कुस आंतोनिएती यांचे २०१९ पासूनचे लेख त्यात महत्त्वाचे मानले जातात.

भांड्यात नेमकं घडतं काय?

पाणी साधारण १८० ते २४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. भांडं बंद असल्यामुळे त्याची वाफ होऊन उडून जात नाही. ते द्रवच राहतं, पण दाब चढतो. १८० अंशांना वाफेचा दाब सुमारे १० बार असतो, २०० ला साडेपंधरा आणि २४० ला तेहेतीसच्या आसपास. अशा पाण्याचा स्वभाव बदलतो आणि ते सेंद्रिय पदार्थांचे दुवे भराभर तोडू लागतं.

सगळ्यात आधी हेमिसेल्युलोज मोडतं, मग सेल्युलोज. त्यातून साखरा सुटतात. लिग्निनमधून फिनॉल सुटतात, प्रथिनांमधून अमिनो आम्लं. इथून पुढे दोन फाटे आहेत आणि सगळी मेख तिथेच आहे. नुसत्या पाण्यात साखरांपासून फर्फ्युरलसारखे पदार्थ आणि ॲसेटिक, फॉर्मिक, लॅक्टिक अशी आम्लं तयार होतात. पीएच उतरत जातो, तुकडे एकमेकांना चिकटून कोळशासारखा घन पदार्थ होतो. हा हायड्रोचार. तो उपयोगी आहे, पण पाण्यात विरघळत नाही. सुरुवातीपासूनच कॉस्टिक पोटॅश घालून पीएच वर धरला, तर आम्लं तयार होता होता मारली जातात, रेणूंवर कार्बोक्सिल आणि फिनॉलिक गट टिकून राहतात आणि गडद माल द्रावात राहतो. तेच आपलं कृत्रिम ह्युमिक.

काही जण हे दोन टप्प्यांत करतात : आधी नुसत्या पाण्यात हायड्रोचार, मग त्यावर अल्कलीचा दुसरा फेरा. अल्कली कमी लागते, पण भांडं दोनदा तापवावं लागतं.

तापमान चढवलं म्हणजे उत्पादन वाढतं असं मात्र नाही. एका मर्यादेपलीकडे तयार झालेले रेणू पुन्हा फुटतात किंवा कोळशाकडे वळतात, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने कार्बन निसटतो.

शेणात इतकं पाणी असतं. आधी वाळवावं लागतं का?

नाही, आणि या पद्धतीची खरी जमेची बाजू हीच. ताज्या शेणात ८० ते ८५ टक्के पाणी असतं, डुकरांच्या गोठ्यातल्या स्लरीत त्याहून जास्त. कोरड्या भट्टीत जाळायचं किंवा बायोचार करायचा तर हे पाणी आधी उडवावं लागतं. २० अंशांचं एक किलो पाणी पूर्ण वाफ करायला सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी बंद भांड्यात २०० अंशांपर्यंत नेऊन द्रवच ठेवायचं तर सुमारे ७७० किलोज्यूल पुरतात. वर गरम माल बाहेर पडताना त्याची उष्णता आत येणाऱ्या थंड मालाला देता येते. वाफ होऊन उडालेल्या पाण्याची उष्णता परत मिळवणं त्यापेक्षा कटकटीचं असतं.

तरीही फार पातळ माल परवडत नाही. पाच टक्के घन असलेली धुवणाची स्लरी घातली तर आपण मुख्यतः पाणीच तापवत बसतो. अशा वेळी चाळणी किंवा स्क्रू प्रेसने घन भाग वेगळा काढून घेणं शहाणपणाचं.

सगळ्या जनावरांचा मल सारखाच चालतो का?

चालतो सगळा, पण निघणारा माल वेगळा असतो.

गाई-म्हशींचं शेण या कामाला सर्वांत सोयीचं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून लिग्निन जवळपास तसंच बाहेर येतं आणि ह्युमिकसाठी लागणारा सांगाडा त्यातून मिळतो. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या आणि घोड्याची लीद यांतही तंतू भरपूर असतात.

कोंबडखतात नत्र जास्त, लिग्निन कमी. त्यामुळे ते एकटं वापरलं की अमोनिया खूप सुटतो आणि ह्युमिक तुलनेने थोडं मिळतं. त्यात भुसा, तूस किंवा पिकाचा काडीकचरा मिसळला की साखर-लिग्निन एकीकडून आणि अमिनो गट दुसरीकडून असा मेळ बसतो. पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या विष्ठेत खाद्यातल्या कॅल्शियममुळे चुनखडीही बरीच असते. कॅल्शियम ह्युमिकचा साका पाडतं, म्हणून हा माल द्रवरूप उत्पादनाला त्रास देतो. जमिनीवर गादी पसरून पाळलेल्या मांसल कोंबड्यांचं खत त्या मानाने बरं, कारण भुसा त्यात आधीच असतो.

डुकरांच्या विष्ठेत तांबं आणि जस्त तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. का, ते पुढे येईल.

चांगलं कंपोस्ट किंवा गांडूळखत केलं तर हेच मिळत नाही का?

मिळतं की! आणि दोन-चार जनावरं असतील तर कंपोस्टच करा, असंच मी सांगेन. जागा आहे, वेळ आहे, शेण आपल्याच शेतात जिरतं, मग पंधरा बार दाबाचं भांडं कशाला हवं?

कृत्रिम ह्युमिकचा विचार करायची वेळ येते ती जनावरं शेकड्यांत किंवा हजारांत असून भोवतालच्या जमिनीला तेवढं शेण पचत नाही तेव्हा. खड्ड्यांत साठवलेली स्लरी मिथेन सोडते, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट हवा तापवतो. पाणी भरलेलं शेण दूर वाहून नेणं परवडत नाही. तिथे काही तासांत माल आटोपशीर, निर्जंतुक आणि वाहतुकीजोगा होणं याला किंमत आहे.

मधला मार्गही आहे. कंपोस्टच्या ढिगात मँगनीज डायऑक्साइडसारखी खनिजं घालून ह्युमिक बनण्याचा वेग वाढवता येतो. अतिउष्ण कंपोस्टिंगमध्ये ढीग ८० अंशांच्या वर नेतात. दाबाचं भांडं नको असणाऱ्यांनी हे आधी बघावं.

बायोगॅस आधी की ह्युमिक आधी?

बायोगॅस आधी. जिवाणू सहज पचणारा भाग खाऊन मिथेन देतात आणि लिग्निनला फारसा हात लावत नाहीत. उरलेली स्लरी ह्युमिकसाठी पुरेशी चांगली राहते आणि भांडं तापवायला गॅस घरचाच मिळतो. उलट क्रमाने केलं तर फिनॉल आणि फर्फ्युरल असलेलं पाणी बायोगॅसच्या जिवाणूंना झेपेलच असं नाही.

प्रेशर कुकरमध्ये थोडं करून बघितलं तर?

नको. कुकर १२० अंशांच्या आसपास थांबतो, म्हणजे हव्या त्या प्रक्रिया नीट सुरूही होत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. बंद, गरम, दाबाखालच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात हायड्रोजन म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. या कामाला दाबासाठी तपासलेलं स्टेनलेस स्टीलचं भांडं, सेफ्टी व्हॉल्व्ह, दाबमापक आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस हवा.

कॉस्टिक घातल्यावर शेणातलं नत्र उडून जात नाही का?

जातं. आणि माहितीपत्रकांत हा मुद्दा फारसा सापडत नाही. अमोनियम पीएच ९.२५ च्या वर मुख्यतः अमोनिया वायूच्या रूपात असतो. कॉस्टिक पोटॅश घातल्याबरोबर पीएच १२-१३ ला पोचतो आणि मूत्रातलं, युरिक ॲसिडमधलं नत्र सुटू लागतं. भांडं थंड करून झाकण उघडलं की पहिला फटका डोळ्यांना बसतो : आधी झोंबणारा अमोनिया, मग मागून धुरकट, करपलेल्या साखरेसारखा वास.

हा वायू हवेत सोडून द्यायचा म्हणजे खताचा सर्वांत महाग भाग फुकट घालवायचा. वायू सोडण्याच्या नळीवर सल्फ्युरिक ॲसिडचा स्क्रबर, म्हणजे वायू आम्लात धुऊन घेणारं उपकरण, बसवला की अमोनियम सल्फेट मिळतं, आणि ते रीतसर खत आहे. प्रकल्पाच्या आराखड्यात स्क्रबर दिसत नसेल तर बाकीचे आकडेही शंकेनेच वाचावेत.

रोगजंतू, औषधांचे अंश, जड धातू यांचं काय होतं?

रोगजंतूंची चिंता उरत नाही. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो, प्राणिजन्य मालाचं युरोपातलं दाबनिर्जंतुकीकरण १३३ अंशांवर २० मिनिटं चालतं. इथे तर १८० च्या वर तासन्तास. जंताची अंडी, तणाचं बी, बीजाणू, काही टिकत नाही. प्रतिजैविकांना न जुमानणारे जनुकही या उष्णतेत मोडतात. खुद्द प्रतिजैविकं मात्र एका माळेचे मणी नाहीत. काही लवकर मोडतात, काही चिवट असतात, म्हणून तपासणी चुकत नाही.

धातूंचं तसं नाही. तांबं, जस्त, आर्सेनिक, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत, ती कितीही तापवली तरी नाहीशी होत नाहीत. डुकरांच्या आणि काही ठिकाणी कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी तांबं-जस्त घालतात आणि त्यातलं बहुतेक विष्ठेतून बाहेर येतं. प्रक्रियेत सेंद्रिय भाग कमी होतो, धातू तेवढेच राहतात, म्हणजे दर किलो कोरड्या मालामागे प्रमाण वाढतं. तांबं तर ह्युमिकला फार घट्ट धरून बसतं. त्यावर उपाय एकच : खाद्यात कमी घाला.

शंभर किलो शेणातून किती ह्युमिक निघतं?

आकडा सांगणाऱ्याला आधी विचारा : ताज्या शेणावर की कोरड्या? शंभर किलो ताज्या शेणात कोरडा भाग १५ ते २० किलोच. त्यातला काही राख. कार्बन फार तर सहा-आठ किलो. त्यातला काही वायूत जातो, काही हायड्रोचारमध्ये, काही लहान आम्लांत. उरलेल्यातून दोन-चार किलो ह्युमिक मिळालं तर काम चांगलं झालं असं समजा. शंभर किलोतून वीस किलोची जाहिरात कोणी केली तर त्या वीसमध्ये पाणी, पोटॅश आणि राख किती, हे विचारून घ्या.

याने जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो का?

बाटलीने? नाही. हिशेब करून बघा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन सुमारे २० लाख किलो. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे त्यात २,००० किलो कार्बन टिकून राहिला पाहिजे. १२ टक्के ह्युमिक असलेला दहा लिटर द्राव सोडला तर कार्बन जातो जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ह्युमिकने कर्ब वाढतो असं छातीठोकपणे सांगणारे हा गुणाकार करत नाहीत.

कर्ब वाढवायला ढिगाने माल लागतो : शेणखत, पिकाचे अवशेष, हिरवळीचं खत आणि याच प्रक्रियेत गाळून उरलेला घन भाग. तो फेकू नका. स्फुरदाचा बराच वाटाही त्यातच असतो.

मग पिकाला उपयोग कशाचा?

मुळांना मिळणाऱ्या चालनेचा. २००२ साली ब्राझीलच्या संशोधकांनी गाईच्या शेणाच्या गांडूळखतातून काढलेलं ह्युमिक ॲसिड मक्याच्या रोपांना दिलं, तेव्हा बाजूची मुळं जास्त फुटली आणि मुळांच्या पेशीपटलावरच्या प्रोटॉन पंपाचं (पेशीतून हायड्रोजन आयन बाहेर टाकणाऱ्या प्रथिनाचं) काम वाढलेलं दिसलं. परिणाम ऑक्झिन या झाडाच्या वाढीच्या संप्रेरकासारखा होता. २०१४ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात शेंड्याकडची आणि मुळांची कोरडी वाढ सरासरी वीस-बावीस टक्क्यांनी जास्त आढळली. पण त्यातले खूपसे प्रयोग कुंडीतले आणि काचगृहातले. उघड्या शेतात तेवढी अपेक्षा धरू नये.

दुसरा उपयोग स्फुरदाचा. आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद बांधून ठेवतात. ह्युमिक त्याच जागांसाठी स्पर्धा करतं आणि थोडा स्फुरद सुटा राहतो. वालुकामय, कर्ब कमी असलेल्या जमिनीत फरक लवकर दिसतो. जिथे आधीच भरपूर शेणखत पडतं तिथे बहुधा काहीच दिसत नाही.

मातीत ह्युमिक पदार्थ मुळात नसतातच असं वाचलं. मग हे सगळं थोतांड का?

वाचलंत ते खरं आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. लेहमन आणि क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये असं मांडलं की मातीतला सेंद्रिय भाग म्हणजे वेगवेगळ्या टप्प्यांवर मोडत चाललेल्या तुकड्यांची साखळी आहे. मोठे, चिवट ‘ह्युमिक’ रेणू मातीत वेगळे असे दिसत नाहीत, ते पीएच १३ च्या अल्कलीने काढताना हाती येतात. हा आक्षेप मला वजनदार वाटतो.

गंमत अशी की कृत्रिम ह्युमिकला त्याची झळ कमी बसते. इथे तर आपण मुद्दामच अल्कलीत ते बनवतो. मातीत तसंच काही असतं असा दावा करायची गरजच नाही. झाडाच्या मुळाने प्रतिसाद दिला की काम झालं. मात्र ‘निसर्गात शेकडो वर्षं टिकणारा कार्बन’ असं कोणी या मालाच्या नावावर खपवत असेल तर ते मानू नका. विरघळणारा भाग जिवाणू खातात.

हायड्रोचार आणि बायोचार एकच का?

नाही. बायोचार कोरड्या मालापासून, हवा तोडून, साधारण ३५० ते ७०० अंशांवर होतो आणि जास्त टिकतो. हायड्रोचार ओल्या मालापासून, कमी तापमानाला होतो आणि लवकर कुजतो.

माल खरा आहे हे कसं ओळखायचं?

काळा रंग हा पुरावा नव्हे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर द्राव टाका. गॉगल आणि हातमोजे घालून त्यात पातळ केलेलं आम्ल थेंब-थेंब सोडा आणि पीएच कागद २ च्या खाली दाखवेपर्यंत थांबू नका. ह्युमिक ॲसिड असेल तर काळी कणी धरते, ती सावकाश तळाशी बसते आणि वर पिवळसर-तपकिरी पाणी उरतं. मळी, लिग्नोसल्फोनेट किंवा रंग घातलेला माल तसाच काळा राहतो, साका बसत नाही.

ही चाचणी ढोबळ भेसळ पकडते, हुशार भेसळ नाही. कागद गिरण्यांचं अल्कली लिग्निनही आम्लात बसतं. शेणापासून केलेल्या मालात अर्धवट मोडलेलं लिग्निन आणि प्रथिनंही त्याच साक्यात येतात. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालावर पद्धत कोणती ते बघा. आयएसओ १९८२२ हे २०१८ चं मानक राख वजा करतं आणि फुलविकही वेगळं मोजतं. नुसत्या रंगावरून मोजणाऱ्या पद्धती आकडा फुगवतात.

शेणापासूनच्या मालाला आणखी एक चाचणी हवीच : बी रुजवण्याची. अर्धवट प्रक्रियेत उरलेले फर्फ्युरल आणि फिनॉल कोवळ्या मुळांना जाळतात. पातळ केलेल्या द्रावात आणि साध्या पाण्यात बी रुजवून उगवण आणि मुळांची लांबी या दोन्हींची तुलना करतात. त्यातून निघणारा निर्देशांक ८० टक्क्यांच्या वर असेल तर माल शेतात न्यायला हरकत नाही. सोबत क्षारांसाठी विद्युतवाहकताही तपासा. मूत्रातलं सोडियम आणि आपण घातलेलं पोटॅश दोन्ही द्रावातच असतात.

वापरताना कशात मिसळू नये?

कॅल्शियम नायट्रेट, फॉस्फोरिक ॲसिड आणि कोणतंही आम्लधर्मी खत यांच्या टाकीत तर नाहीच. साका होऊन ठिबकचे ड्रिपर बसतात आणि ते साफ करताना नाकी नऊ येतात. पाणी जड असेल तर आधी बादलीत थोडं मिसळून तासभर ठेवा, तळाशी गाळ दिसला तर तो द्राव ठिबकमधून न सोडता बुंध्याशी ओता. टाकीत आधी पाणी, मग ह्युमिक, आणि बाकीची खतं दुसऱ्या दिवशी.